धुऱ्याच्या भांडणात सोळा वर्षांचं पोट्टं आरोपी, खटला मोठ्यांच्या कोर्टात चालवावा का?

हेडसर_कापूसपट्टा

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेचा मी मुख्याध्यापक. मध्यंतरी बाल न्याय मंडळाकडून शाळेला पत्र आलं: दाखलखारीज रजिस्टर (मुलं शाळेत दाखल झाल्याची, सोडून गेल्याची नोंदवही) घेऊन हजर राहा, तुमच्या एका माजी विद्यार्थ्याचं वय ठरवायचं आहे. त्या पोरावर खुनाचा गुन्हा आहे. गाव, तालुका कृपया विचारू नका. दोन-तीन तपशील मुद्दाम बदलून लिहितोय.

पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन घरांत भांडण लागलं. तंटामुक्ती समितीनं आधी मिटवलेलं, सरकारी मोजणीही झालेली. तरी नांगरताना कोणीतरी दोन तास (नांगराच्या रेघा) पलीकडे घातलेच. ५ जूनच्या सकाळी एका बाजूला बाप, काका आणि हे पोरगं, समोर दोघे भाऊ. शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली आणि मग बैलबंडीची उभारी, म्हणजे बाजूचा लाकडी दांडा, निघाली. समोरचा थोरला भाऊ डोक्याला मार लागून नागपूरला नेता नेता वाटेतच गेला. त्याची दोन लेकरं माझ्याच शाळेत आहेत. गुन्ह्यात तिघांची नावं आहेत. उभारी नेमकी कोणी मारली यावर पाहणाऱ्यांचं एकमत नाही, पण फिर्यादीत पोराचं नाव आहे.

रजिस्टरमध्ये त्याची जन्मतारीख १ जून २००९. म्हणजे घटनेच्या दिवशी सोळा वर्षं आणि चार दिवस. खेड्यात शिकवलेल्या कोणालाही ही तारीख ओळखीची असेल. पोराला पहिलीत घालताना सहा पूर्ण दिसावीत म्हणून जुने गुरुजी १ जून टाकत. आमच्या रजिस्टरची पानंच्या पानं १ जूननं भरलेली आहेत. पोराची आई मात्र शपथेवर सांगते की तो तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला.

हे पोरगं नववीत शाळा सुटून गेलं. सालदार बापाच्या हाताखाली कामाला लागलं. वर्गात असताना आवाज नसलेलं पोर. बापानं हाक मारली की दप्तर टाकून उठणारं. अशा पोरावर मोठ्या माणसासारखा खटला चालावा, हे मला पटत नाही. पण ज्यांचा माणूस गेला, त्यांच्या घरी मी बसून आलोय, त्यांना हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही. तुमचं काय मत? आणि कायदा नेमका काय म्हणतो?

वावरवाला

हेडसर, राग मानू नका, पण माणूस मेला ना जी. उभारी डोक्यात घातली तर माणूस मरते हे आमच्या इकडे दहा वर्षांच्या लेकराले समजते. सोळा वर्षांचं पोट्टं वावरात डवरा मारते, बंडी हाकते, फवारणी करते, ट्रॅक्टर चालवते. कामाच्या वक्ताले मोठं अन् गुन्ह्याच्या वक्ताले लहान, हे नाही पटत मले. सोळाच्या वरचे सारे मोठ्या कोर्टात गेले पाहिजे.

वकीलताई

मी तालुका कोर्टात वकिली करते, विधी सेवेच्या पॅनलवर आहे, बाल न्याय मंडळापुढे बऱ्याच मुलांच्या बाजूनं उभी राहिलेली आहे. आधी कायदा सांगते, कारण अर्ध्या वादाचं मूळ चुकीच्या माहितीत असतं.

२०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. १८ च्या खालचा प्रत्येक जण या कायद्यानं बालक. सोळा पूर्ण झालेला मुलगा आपोआप मोठ्या कोर्टात जातो, हा समज चूक आहे. गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा ठरलेली असेल तरच तो 'घृणास्पद' गुन्हा धरतात. खून त्यात बसतो. अशा गुन्ह्यात मुलगा १६ ते १८ मधला असेल, तर कलम १५ खाली मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. तीन गोष्टी पाहायच्या असतात: गुन्हा करण्याची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळण्याची कुवत होती का, आणि कोणत्या परिस्थितीत हे घडलं. त्यानं गुन्हा केला की नाही, हे इथे ठरत नाही. कायद्यानं स्पष्टच म्हटलंय की हा खटला नव्हे. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे पुरं व्हायला हवं.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांपैकी एक तरी महिला. मोठ्यांसारखा खटला चालवावा असं त्यांना वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाकडे जातं. तिथेही कलम १९ खाली न्यायाधीश पुन्हा विचार करून म्हणू शकतात की नाही, हे बालकाचंच प्रकरण आहे. मंडळाच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. आणि मोठ्यांसारखा खटला चालला तरी फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला सुरक्षित स्थळी ठेवतात, तुरुंगाचा प्रश्न त्यानंतर. २१ झाल्यावरही न्यायालय आधी पाहतं की मुलगा सुधारला का, समाजाला त्याचा काही उपयोग होईल का.

आता तुमच्या चार दिवसांचं मोल. घटनेच्या दिवशी तो सोळाच्या आत असेल तर कलम १५ लागतच नाही. मग मंडळच चौकशी करतं आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे, सर.

वावरवाला भाऊ, तुमचा मुद्दा मी हलका धरत नाही. पण कायदा ताकद पाहत नाही, समज पाहतो. डवरा मारता येणं आणि बापाच्या शब्दाला नाही म्हणता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मावसभाऊ

मी इथं सहसा लिहीत नाही. पण लिहितो. माझ्या मावसभावाला असंच मारलं. मारणाऱ्यांत एक सतरा वर्षांचा होता. मोठे आरोपी सेशन कोर्टात, हा मंडळात. दोन ठिकाणी दोन केसेस. आमची मावशी दर तारखेला विचारायची, त्याचं काय झालं? मंडळाचं काम बंद दाराआड चालतं, आम्हाला आत घेतलं नाही, बाहेर कोणी काही सांगितलं नाही. पुढं एक दिवस तो गावात मोटरसायकलवर फिरताना दिसला. मावशी ओट्यावर बसली होती. तिनं त्याला पाहिलं. त्या दिवसापासून तिनं त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

तुम्ही सगळे त्याच्या मनाचं, त्याच्या समजेचं बोलता. मावशीचं मूल्यांकन कोण करते? तिच्या घरी कोणता अधिकारी आला? मोठ्या कोर्टात चालली असती तर निदान आम्हाला बसून ऐकता तरी आलं असतं.

पूर्वाश्रमीची_परिविक्षा

मावसभाऊ, तुम्ही लिहिलंत ते मी बाहेरच्या बाकावर कित्येकदा पाहिलंय. मुलाची ओळख झाकायला दार बंद ठेवतात, ते बरोबरच आहे, पण मेलेल्याच्या घराला तारीख, आदेश, पुढची पायरी सांगायला कोणी नसतं. ही उणीव भरून काढलीच पाहिजे. मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे.

सामाजिक तपास अहवाल हा प्रकार लोकांना फारसा माहीत नसतो म्हणून सांगते. मुलाला हजर केल्यावर दोन आठवड्यांत हा अहवाल मंडळाकडे जायला हवा. त्यासाठी मुलाशी बोलायचं, घरी जायचं, शाळेत जायचं, शेजाऱ्यांना भेटायचं. मूल्यांकनाच्या वेळी मंडळापुढे हाच मुख्य कागद असतो. आणि हाच कागद घाईघाईनं भरलेला असतो. मी असे अहवाल वाचलेत ज्यात प्रत्येक मुलाबद्दल तेच वाक्य: घरची परिस्थिती हलाखीची, संगत वाईट. एका अधिकाऱ्याकडे अख्खा जिल्हा, जायला गाडी नाही, पावसाळ्यात पांदण रस्ता बंद. मग फोनवरच सरपंचाला विचारून फॉर्म भरला जातो.

एक मुलगा आठवतो. निरीक्षणगृहात मी त्याला भेटायला गेले, वाटलं घरची आठवण काढेल, कोर्टाचं विचारेल. त्यानं विचारलं, बैलांना पाणी कोण दाखवते? बाप आत, काका आत, घरी आई आणि लहान बहीण. बैल आईला मारायचा, तिच्याच्यानं तो सुटत-बांधत नव्हता. पंधरा मिनिटं तो मला समजावत होता की बैलाच्या डाव्या अंगानं जायचं, आईला सांगा. मी हे जसंच्या तसं अहवालात लिहिलं. घराबाहेरचं जग कळण्याची त्याची कुवत किती, हे मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं. असं काही कागदावर यायचं तर त्या मुलापाशी बसावं लागतं. अर्ध्या तासाच्या गप्पांत कोणाचं मन प्रौढ आहे हे ठरत नाही, आणि एकदा चुकीचं ठरलं की ते पोर वयाच्या एकविसाव्या वर्षी सराईतांच्या बराकीत जाऊन बसतं.

वकीलताई

ताईंच्या मुद्द्याला जोडून. गुरुग्रामच्या शाळेत २०१७ मध्ये दुसरीतल्या मुलाचा खून झाला, त्यात त्याच शाळेतला १६ वर्षांचा विद्यार्थी आरोपी होता. ते प्रकरण या मूल्यांकनावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हे काम नाजूक आहे, आणि मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल. कायद्यात शब्द 'घेऊ शकेल' असा होता, न्यायालयानं तो बंधनकारक ठरवला. आपल्याकडे खेड्यातून आणलेल्या पोराला तज्ज्ञानं नीट वेळ देऊन, त्याच्याच बोलीत प्रश्न विचारून तपासलं का, हे बचावाच्या वकिलानं आवर्जून पाहायला हवं. शहरी इंग्रजी चाचणीतले प्रश्न मराठीत वाचून दाखवले आणि पोरगं गप्प बसलं, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काहीही लावला जातो.

नागपूरकर_७७

हा कायदा आला कसा तेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी मर्यादा सोळाची होती, मुलींसाठी अठराची. भारतानं १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्यानं सगळ्यांना अठरा केलं. मग डिसेंबर २०१२ चं दिल्लीचं प्रकरण. त्यातला एक आरोपी सतरा वर्षांचा, त्याला तीन वर्षं मिळाली. देश पेटला होता. तरी न्यायमूर्ती वर्मा समितीनं वय खाली आणायची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१३ मध्ये वय कमी करायला नकार दिला. संसदेच्या स्थायी समितीचाही विरोध होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेत विधेयक मंजूर झालं. रागाच्या भरात केलेला कायदा आहे असं माझं मत आहे. हा कायदा करताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो दिल्लीचा बलात्कारी. तो लागू मात्र आज कोणाला होतो? धुऱ्यावर बापामागे उभ्या असलेल्या पोराला.

वावरवाला

मग पुण्यात कसं झालं? पोर्शे गाडीनं दोघं मारले, अन् निबंध लिहून घरी. गरिबाचं असतं तर?

नागपूरकर_७७

१९ मे २०२४ ची घटना. ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातलेला जामीन हा लोकांच्या मनाला लागला, मलाही लागला. पोलिसांनी त्याला मोठ्यांसारखं चालवा म्हणून अर्ज केला, मंडळानं जुलै २०२५ मध्ये तो फेटाळला. लोकांना वाटलं श्रीमंत म्हणून. पण सदोष मनुष्यवधाला कमीत कमी सात वर्षं अशी शिक्षा ठरलेलीच नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या गाडीच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय. म्हणजे कायदा तिथे लागत नव्हता. तुमचं गरिबाचं म्हणणं मात्र खरं. तिथे घटनेच्या दिवशीच वकिलांची फौज हजर होती. हेडसरांच्या पोराकडे कोण आहे?

पाटलाचा_वाडा

एक गोष्ट कोणी बोलून नाही राह्यलं. गावात सगळ्याईले माहीत आहे की लहान पोराचं नाव मुद्दाम पुढं करते. 'तू घेऊन घे अंगावर, तुले काही होत नाही, तीन वर्षात सुटशीन.' मी पोलीस पाटील होतो, माह्यासमोर एका बापानं पोराले असं समजावलं होतं. त्या पोरानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ठाणेदारासमोर पाठ केल्यासारखं बोलला. मंग असं होऊन राह्यलं की वार करणारे मोठे बाहेर अन् पोट्टं आत. सोळाच्या वरचं पोट्टं मोठ्या कोर्टात नेलं तर बाप लोकांचा हा धंदा तरी बंद होईन.

वकीलताई

पाटील काका, तुम्ही सांगितलं ते मी फायलींमध्ये वाचलंय. पण त्यावरचा इलाज मुलाला मोठं ठरवणं नाही, बापाला धरणं आहे. लहान मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे, वर पाच लाखांचा दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ त्याहून कडक: मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला तीन ते दहा वर्षं, आणि तो गुन्हा प्रत्यक्ष घडला तर जणू त्यानंच केला अशी शिक्षा. ही कलमं दोषारोपपत्रात लावली का, हे फिर्यादीच्या घरानं विचारायला हवं. विचारतं कोणी? सगळा राग उभारी धरलेल्या हातावर जातो, मागून 'मार' म्हणणारा तोंड पुसून उभा राहतो.

शिवाय मोठ्या आरोपींबरोबर बालकाचा खटला एकत्र चालत नाही, तशी मनाईच आहे. मावसभाऊ, म्हणून तुमच्याकडे दोन ठिकाणी दोन केसेस होत्या.

हेडसर_कापूसपट्टा

पाटील काकांनी लिहिलंय तसंच इथे झालं का, हे मला माहीत नाही, आणि कोणावर आळ घ्यायचा नाही. पण एक पाहिलेलं सांगतो. मंडळाच्या बाहेर पोरगं साध्या कपड्यातल्या पोलिसाबरोबर बसलं होतं. मला पाहून उठून उभं राहिलं, वर्गात उठायचं तसं. मी विचारलं, बाळा काय झालं होतं? तो म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं उभारी काढ म्हणून. एवढंच. पुढचं मी विचारलं नाही, विचारायचा अधिकारही नव्हता.

रजिस्टरची नोंद मी दाखवली. त्यांनी विचारलं, ही तारीख कशावरून लिहिली? पुरावा म्हणून काय जोडलं होतं? काहीच जोडलेलं नाही. ज्या गुरुजींनी लिहिलं ते वारले. आई म्हणते तान्हा पोळा. २००९ चा पोळा २० ऑगस्टला होता, म्हणजे तान्हा पोळा २१ ला. तसं असेल तर घटनेच्या दिवशी तो पंधरा वर्षं साडेनऊ महिन्यांचा होतो. पण आईच्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? आधार कार्डावरही १ जूनच आहे, शाळेच्या दाखल्यावरूनच काढलेलं.

वकीलताई

आधार विसरा. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तसं म्हटलंय. वय ठरवायचं कलम ९४: आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत एक-दोन वर्षांचा फरक सहज येतो, चार दिवसांच्या वादात तिचा काही उपयोग नाही.

तुमच्या पोरानं दहावी केलीच नाही, म्हणजे बोर्डाचं प्रमाणपत्र नाही. राहिलं रजिस्टर. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलंय की शाळा सोडल्याचा दाखला किंवा दाखल रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम ९४ मधलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र नव्हे. तेव्हा जन्मदाखला शोधा. सीमारेषेवरच्या प्रकरणात दोन अर्थ निघत असतील तर मुलाच्या बाजूचा घ्यावा, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

हेडसर_कापूसपट्टा

आमच्या ग्रामपंचायतीत पाहिलं. नोंद नाही. २००९ चं पूर्ण रजिस्टर पाहिलं.

आशाताई_आर्णीकडची

सर, पहिलटकरीण होती का त्याची आई? पहिलं बाळंतपण माहेरी होते. जन्माची नोंद जिथं बाळ झालं तिथल्याच ग्रामपंचायतीत होते, सासरच्या नाही. आमच्याकडं रोज हाच घोळ. बाया सासरच्या ग्रामपंचायतीत दाखला मागते, मिळत नाही, मग म्हणते नोंदच नाही. माहेरच्या गावाले जा. दवाखान्यात झालं असेल तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं बाळंतपणाचं रजिस्टर पण पाहा. घरी झालं असेल तर तिथल्या दायीले, अंगणवाडी ताईले विचारा. लसीकरणाचं कार्ड असेल तर सोन्याहून पिवळं. आणि नोंद शोधताना बाळाच्या नावानं शोधू नका. त्या वक्ताले नाव ठेवलेलं नसते, रकाना कोराच राह्यते. आईच्या नावानं शोधा.

सेवाग्रामचा_रहिवासी

रजिस्टरचं मोल काय असतं ते नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातल्या एका कैद्यावरून कळतं. पुण्यात १९९४ मध्ये एकाच घरात सात जणांचा खून झाला होता. त्यात त्याला फाशी झाली. जन्म राजस्थानातला. त्याच्या बिकानेरकडच्या शाळेच्या नोंदीवरून घटनेच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा असल्याचं पुढे निघालं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये ते मान्य करून त्याला सोडलं. तोवर तो २८ वर्षांहून जास्त काळ आत होता, त्यातली कितीतरी वर्षं फाशीच्या सावलीत. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं.

वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. पण तो काढायला कोणीतरी शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडावं लागतं. हेडसर, तुम्ही उघडलंत, पुढंही जा.

मावसभाऊ

वरचं सगळं वाचलं. एक विचारतो, वाद घालायला नाही. तुम्ही सगळे त्या पोरासाठी माहेरच्या गावापर्यंत जायला सांगता. चांगलं आहे. आमच्या मावशीसाठी कोणी काय करू शकते का? घरात कमावता तोच होता. त्याची बायको आता दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते.

वकीलताई

हो, करता येतं, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली पीडितांसाठी भरपाईची योजना आहे, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, ते जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच असतं. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथूनही पाठवतात. भरपाई मिळायला आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे असं नाही. अर्जाला मुदतीचं बंधन असतं, तुमच्या घटनेला किती वर्षं झाली ते मला निरोपात कळवा, उशीर झाला असेल तर तो माफ करायची विनंती कशी लिहायची ते सांगते. फी नाही. वकील हवा असेल तर तोही फुकट मिळतो, बाईमाणसाला उत्पन्नाची अट लागत नाही.

आणि मंडळाच्या आदेशाबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सरकारी वकिलांना लेखी विचारा.

वावरवाला

हेडसर, मी आधी लिहिलं ते मागं घेत नाही. ज्याचा माणूस गेला त्याच्या पोटात आग असते. पण बापानं 'काढ उभारी' म्हटलं अन् पोट्ट्यानं काढली, यात बापाले जास्त द्या हे मले मान्य आहे. आमच्या घरी बी बापाच्या समोर 'नाही' म्हणाची कोणाची ताकद नव्हती. तिशीपर्यंत नव्हती.

हेडसर_कापूसपट्टा

माहेरच्या गावाला जाऊन आलो. आशाताई, तुमचे उपकार. ग्रामसेवकांनी जुनी रजिस्टरं काढली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आईच्या नावानं नोंद सापडली. मुलगा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. जन्माची तारीख २१ ऑगस्ट २००९. नोंद त्याच महिन्यात केलेली, म्हणजे मागाहून घुसवलेली नाही. ज्या मामानं नोंद केली त्याची सही आहे, मामा हयात आहेत.

गावात आल्यावर मेलेल्याच्या धाकट्या भावानं रस्त्यात गाठलं. म्हणाला, सर, तुम्ही त्याला सोडवायला निघालात. मी म्हटलं, मी खरी तारीख शोधायला गेलो होतो, १ जून खरी निघाली असती तर तीही मांडली असती. त्याला हे पटलं नाही. त्याच्या जागी मलाही पटलं नसतं. पुढं काही दिवस तो माझ्याशी बोलणार नाही, हे धरून चाललोय. त्याच्या पुतण्यांची शिष्यवृत्तीची कागदं मात्र माझ्याकडे आहेत, ती आज भरतो.

वकीलताई

सर, आता एवढं करा. जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत आणि मूळ नोंदीच्या पानाची प्रमाणित प्रत, दोन्ही घ्या. नाव कोरं असल्यामुळे समोरची बाजू म्हणणार की हे दुसरंच मूल कशावरून. म्हणून आईचं प्रतिज्ञापत्र आणि तिला किती मुलं, कोणत्या वर्षी झाली याचा तपशील जोडा. मामाचं प्रतिज्ञापत्र घ्या, गरज पडली तर त्यांना साक्षीला आणा. बाळाचं नाव आत्ता रजिस्टरमध्ये घालून घेऊ नका, खटला सुरू असताना नोंदीला हात लागलेला दिसला तर चांगल्या पुराव्यावर संशय येतो. सगळं पोराच्या वकिलाच्या हातात द्या, तुम्ही स्वतः मंडळाला पत्र लिहू नका. वकील नसेल तर मंडळातच विधी सेवेचा वकील मागता येतो.

तारीख मान्य झाली तर मूल्यांकनाचा प्रश्नच मिटतो. नाही झाली, तर वरच्या ताईंनी सांगितलं तसा तपास अहवाल नीट झालाय का ते पाहा, आणि 'बाबांनी सांगितलं होतं' हे वाक्य कुठे नोंदलं गेलंय का तेही.

मावसभाऊ

ताई, निरोप पाठवला आहे. घटनेची तारीख आणि मावशीच्या सुनेचं नाव त्यात आहे. सोमवारी ती माझ्यासोबत तालुक्याला यायला तयार आहे, कोणती कागदं आणू तेवढं सांगा.

वकीलताई

एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, तिचं बँक पासबुक. जे नसेल ते तिथून मागवू. अकराच्या आत या, मी समितीच्या खोलीतच असते.